सकाळची तिची, संध्याकाळची त्याची

बाळीवेशीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात गेली चार वर्षं एक रीत होती. सोमशेखरच्या ताटातलं काहीही आधी हेमावतीनं खायचं. भाकरीचा कोपरा, आमटीचा घोट, ताक असेल तर ताकाचाही. ती गिळायची, तो तिच्या गळ्याकडे बघत बसायचा, आणि बऱ्याच वेळानं ताट आपल्याकडे ओढायचा. तोवर जेवण निवून जायचं. त्याबद्दल दोघांपैकी कोणीही कधी तक्रार केली नाही.

हेमावती त्याची थोरली बहीण. थोरली म्हणजे एकवीस वर्षांनी थोरली. आई गेली तेव्हा सोमशेखर चार वर्षांचा होता आणि ती पंचवीसची. तिचं लग्न दोनदा ठरलं आणि दोनदा मोडलं. दुसऱ्या वेळी पाहुण्यांनी उघडच विचारलं, की पोरीबरोबर हे पोरगंही आमच्या घरी येणार काय? तिनं त्यांना चहा दिला, कपबश्या विसळल्या आणि तो विषय कायमचा बंद करून तवा चढवला. ज्वारीच्या पातळ भाकऱ्या थापायच्या, मंद आचेवर पापडासारख्या कडक करायच्या, दहा-दहाची चवड बांधून दुकानांना पाठवायची. तीस वर्षं तव्यासमोर बसून तिच्या गालांवर आणि नाकावर कायमची लाली चढली होती, आणि त्या लालीत बारीक पुटकुळ्या. तिच्याबरोबर भाकऱ्या थापायला येणारी म्हाळसाबाई म्हणायची, ‘‘हेमाक्का, तुला गाल रंगवायचा खर्च न्हाय बघ. देवानंच रंगवून दिल्यात.’’

या तव्यावर सोमशेखर शिकला. टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर नक्षी काढायच्या कामाला लागला. मोर, कमळं, काठाच्या वेली. हात इतका नेटका, की मालक म्हणायचे, ह्या पोरानं काढलेल्या मोराची पिसं मोजून घ्या. मग एकोणतिसाव्या वर्षी काय झालं कोण जाणे. मागांच्या खटखटीतून त्याला माणसं बोलताना ऐकू यायला लागली. आधी नुसतं नाव घ्यायची, मग वाईटसाईट बोलायला लागली. एक दिवस तो डबा न उघडता घरी आला आणि म्हणाला, ‘‘अक्का, ह्यात घातलंय.’’

‘‘काय घातलंय?’’

‘‘ते मला सांगत न्हाईत.’’

तीन दिवस तो जेवला नाही. चौथ्या दिवशी हेमावतीनं त्याच्यासमोर बसून भाकरी मोडली आणि अर्धी स्वतः खाल्ली. ‘‘मेलो तर दोघं मरू,’’ ती म्हणाली. त्यानं उरलेली अर्धी खाल्ली. रीत पडली ती अशी.

दवाखान्यातून गोळी सुरू झाली, तेव्हाही हेच. सुदैवानं हेमावतीची रक्तदाबाची गोळी तशीच पांढरी, बारीक होती. रोज सकाळी दोघं समोरासमोर बसायचे, दोघं आ करायचे, दोघं गिळायचे. त्याच्या गोळीनं आवाज थांबले नाहीत, पण थोडे लांब गेले. कारखाना मात्र सुटला तो सुटलाच. तो दिवसभर भिंतीला टेकून बसायचा आणि बोटानं फरशीवर चौकोन काढायचा.

यंदा जानेवारीत गड्ड्याची जत्रा संपली त्या आठवड्यात डॉक्टर वैष्णवींनी दोघांना समोर बसवलं. ही मनोविकार विभागातली तरुण डॉक्टर. बोलताना हातातलं पेन खाली ठेवून बोलायची, म्हणून सोमशेखरला बरी वाटायची.

‘‘एक औषध आहे,’’ ती म्हणाली. ‘‘नवं नाही, जुनंच. मुरमांना, कातडीवरच्या पुळ्यांना वर्षानुवर्षं देतात. जंतू मारायचं औषध. पण त्यानं आतली बारीक सूजही उतरते. सोमशेखरसारख्या काही जणांच्या मेंदूत अशी सूज असावी आणि ती उतरली तर बरं वाटावं, असा काहींचा अंदाज आहे. कुठं फायदा दिसला, कुठं दिसला नाही. म्हणून तपासून पाहायचंय. नेहमीची गोळी चालूच ठेवायची. शिवाय सहा महिने रोज दोन कॅप्सूल, एक सकाळी, एक संध्याकाळी.’’

‘‘द्या की मग,’’ हेमावती म्हणाली.

‘‘पूर्ण ऐका. निम्म्या लोकांच्या कॅप्सूलमध्ये औषध असेल, निम्म्यांच्यात नुसती भुकटी.’’

‘‘म्हंजे निम्म्यांना फसवायचं?’’

‘‘फसवायचं नाही, हेमावतीबाई. आधी सांगूनच करायचं. कोणाला काय मिळालं हे तुम्हाला कळणार नाही आणि मलाही कळणार नाही.’’

इतका वेळ खाली बघत बसलेल्या सोमशेखरनं मान वर केली. ‘‘तुमाला पण न्हाई?’’

‘‘मला पण नाही.’’

‘‘कुनालाच न्हाई?’’

‘‘एका ठिकाणी बंद करून ठेवलंय. गरज पडल्याशिवाय कोणी उघडत नाही.’’

तो हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. चार वर्षं त्याला वाटत आलं होतं, की सगळ्या जगाला त्याच्याबद्दल काहीतरी ठाऊक आहे आणि ते त्याच्यापासून लपवतात. इथं शिकलेलं माणूस समोर बसून म्हणत होतं, की मलाच माहीत नाही. त्यानं सगळे कागद वाचले, प्रत्येक पानावर सही केली आणि सहीखाली सवयीनं एक बारीक वेल काढली.

बाटली घरी आली. महिन्याच्या साठ कॅप्सूल आणि पुढच्या खेपेला यायला उशीर झालाच तर म्हणून वर चार. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हेमावतीनं कॅप्सूल हातावर ठेवली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपल्याला हे आधी सुचायला हवं होतं. कॅप्सूल अर्धी पिवळी आणि अर्धी राखी होती. तशी दिसणारी गोळी घरात दुसरी नव्हती.

‘‘आधी तू,’’ सोमशेखर म्हणाला.

‘‘तम्मा,’’ धाकट्याला ती कानडीत हाक मारायची, ‘‘ह्या मोजून दिल्यात. तुझ्याच हायत.’’

‘‘मग ऱ्हाऊ दे.’’

तिनं समजावलं, रागावली, शेवटी नुसतीच बसून राहिली. तवा तापून धूर निघायला लागला. मग तिनं ती कॅप्सूल उचलून तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायली. सोमशेखर दिवसभर तिला बघत होता. ती थापत होती तेव्हा, नळावर गेली तेव्हा, दुपारी जरा आडवी झाली तेव्हा. दिवे लागले आणि अक्का धडधाकट आहे असं दिसलं, तेव्हा त्यानं स्वतःहून हात पुढं केला. ‘‘दे.’’

मग रोजचंच झालं. सकाळची तिची, संध्याकाळची त्याची. हेमावतीला त्यात फार मोठं पाप दिसलं नाही. ह्या घरात एकाची वस्तू दोघांनी वाटून घेतली तरच ती पचत होती. आणि अर्धं का होईना, औषध त्याच्या पोटात जात होतं.

महिन्यानं दवाखान्यात अक्षता नावाच्या मुलीनं बाटली स्टीलच्या ताटलीत पालथी केली आणि चमच्यानं मोजली. चार उरल्या होत्या. ‘‘बरोब्बर! अहो, तुमच्यासारखं कोणी आणत नाही. लोक विसरतात, सांडतात.’’ हेमावतीनं पदरानं तोंड पुसलं. मोजणी बरोबर आली होती, त्यामुळे कोणी काही विचारलंच नाही. आणि विचारलं नाही तर सांगायचं कशाला, असं तिनं मनाला समजावलं.

शिवाय खरोखर फरक दिसत होता. फेब्रुवारी सरता सरता सोमशेखर म्हणाला, की आवाज आता मागासारखे कानाशी येत नाहीत, शेजारच्या खोलीतून येतात आणि मधनंमधनं दार लोटून घेतात. मार्चमध्ये त्यानं चौकोनी रेघांची वही मागितली. म्हाळसाबाईनं आणून दिली. त्यात त्यानं मोराची मान काढली, नुसती मान. पिसं काढायला अजून धीर होत नव्हता.

हेमावतीनं ते पान देवापुढं ठेवलं आणि ठरवलं, की काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही. उघडलं तर बाटली काढून घेतील, आणि बाटलीबरोबर ती मानही जाईल.

पण तिचे गाल बोलायला लागले. म्हाळसाबाईनं आधी एक-दोन दिवस तिरक्या नजरेनं पाहिलं, मग पीठ मळता मळता थांबलीच.

‘‘हेमाक्का, काय लावतीस गं तोंडाला?’’

‘‘काय लावतीया? भाकरीचं पीठ.’’

‘‘आमी पन तेच पीठ मळतो की. आमचं थोबाड हाय तसं हाय. तू मातर नवरीवानी दिसाय लागलीस. कुनी बघून ठेवलाय काय?’’

‘‘गप की बाई. भाकरी करपतीया.’’

त्या दुपारी हेमावतीनं आरशात पाहिलं. तीस वर्षांची लाली उतरली होती. एक पुटकुळी नव्हती. आणि मग तिला डॉक्टरीणबाईचं वाक्य आठवलं: मुरमांना, पुळ्यांना वर्षानुवर्षं देतात. ती आरशासमोरच खाली बसली. बंद करून ठेवलेलं जे कोणालाच माहीत नव्हतं, ते आता तिला माहीत झालं होतं. बाटलीत नुसती भुकटी नव्हती. आणि त्यातलं अर्धं औषध तिनं स्वतःच्या गालांवर घातलं होतं.

खाई त्याला खवखवे म्हणतात. पुढच्या वेळी अक्षतानं चमच्यानं चार कॅप्सूल मोजल्या आणि ‘‘बरोब्बर’’ म्हणाली, तेव्हा हेमावतीला तिच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. डॉक्टर वैष्णवींनी सोमशेखरला तासभर प्रश्न विचारले, ठरलेल्या कागदावर आकडे लिहिले आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, ‘‘छान चाललंय. तुम्ही किती नीट करताय सगळं.’’ हेमावती पदर गालांवर ओढून रिक्षात बसली.

एप्रिलमध्ये ऊन चढलं तशी तिला भोवळ यायला लागली. तवा आणि भिंत एकमेकांभोवती फिरल्यासारखी वाटायची. म्हाळसाबाई म्हणाली, ऊन लागलं असेल, कांदा खा. एका सकाळी कॅप्सूल घेऊन ती उठली आणि दोन पावलांवर धाडकन खाली बसली. पिठाची परात उलटली. डोळे उघडले तेव्हा सोमशेखर तिच्याजवळ होता, पिठानं पांढरा झालेला.

‘‘त्यात घातलंय,’’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘‘तुला घातलंय.’’

‘‘उनाचं हाय रे तम्मा.’’

त्यानं संध्याकाळी कॅप्सूल घेतली नाही, पांढरी गोळीही घेतली नाही, ताटाला हात लावला नाही. तीन महिन्यांची कमाई एका भोवळीत गेली, असं हेमावतीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती उठून बाहेर आली तर तो आधीच बसला होता, बाटली मांडीवर. तिनं सवयीनं हात पुढं केला.

‘‘ब्याड, अक्का,’’ तो म्हणाला. जीव घाबरा झाला की त्याच्या तोंडात आईची कानडी यायची. ‘‘ब्याड. नको.’’ आणि तिनं काही करायच्या आत त्यानं एक कॅप्सूल काढून कोरडीच गिळली.

‘‘तम्मा!’’

‘‘सकाळची पन मीच घेनार. तुला काय व्हायला नको.’’

त्याला ते विष वाटत होतं. वाटत होतं म्हणजे त्याची खात्रीच होती. पाण्याच्या घोटाला घाबरणाऱ्या माणसानं तिच्या वाटणीचं विष आपण होऊन तोंडात टाकलं होतं. आता तो भिंतीला पाठ लावून बसला होता, दोन्ही गुडघे कवटाळून, मरायची वाट बघत. तिनं तवा चढवला नाही. ती त्याच्या शेजारी बसली आणि त्याचा हात हातात घेतला. तळवा घामानं ओला होता. म्हाळसाबाई दारात आली, दोघांना तसं बसलेलं बघितलं आणि चपला न काढताच परत फिरली.

आठ वाजले, नऊ वाजले, पाण्याचा टँकर येऊन गेला. साडेदहाला तो म्हणाला, ‘‘अक्का, काय झालं न्हाय.’’

‘‘न्हाय.’’

‘‘मग तुला का झालं?’’

त्याला उत्तर द्यायचं म्हणजे खरंच सांगायचं होतं. ‘‘कारण ते औषध माझं न्हवतं,’’ ती म्हणाली. ‘‘तुझं हुतं. मी खात हुते आणि कुनाला सांगितलं न्हाई. औषधात काय वाईट न्हाय रं. मी केलं ते वाईट.’’

त्यानं बाटलीकडे पाहिलं. ‘‘मी म्हनलो म्हणून खाल्लंस.’’

‘‘व्हय. पर सांगायला पायजे हुतं.’’

‘‘मग सांग की,’’ तो म्हणाला, जणू एवढीशीच तर गोष्ट.

त्याच दुपारी ती त्याला घेऊन दवाखान्यात गेली. बाटली टेबलावर ठेवली आणि पहिल्या दिवसापासूनचं सांगितलं. डॉक्टर वैष्णवींनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर त्या उठल्या आणि आधी हेमावतीचा रक्तदाब पाहिला, डोळे पाहिले, रक्त तपासायला चिठ्ठी लिहिली.

‘‘भोवळ ह्याचीच असू शकते. यापुढं एकही घ्यायची नाही. कळलं?’’

‘‘कळलं. मला काय शिक्षा द्यायची ती द्या, बाई. त्याच्या कॅप्सुली तेवढ्या काढू नका.’’

‘‘शिक्षा कसली?’’ त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘‘पण मला वर कळवावंच लागेल. ते ठरवतील. हेमावतीबाई, आम्ही लिहीत होतो की ह्यानं रोज दोन घेतल्या. घेतली एकच. उद्या ह्या कागदांवरून दुसऱ्या गावातल्या कोणाला तरी औषध द्यायचं की नाही हे ठरणार.’’

हेमावतीनं खाली बघून मान हलवली. ‘‘चवडीत पाच भाकऱ्या घालायच्या आणि वर दहा लिहायचं,’’ ती म्हणाली. ‘‘तसं केलं मी.’’

‘‘आणखी एक आहे. तुमचे गाल बघून मी काही ठरवायचं नाही. भोवळ उन्हानंही येते, गाल दुसऱ्या कशानंही निवतात. पण बाटलीत काय आहे त्याचा अंदाज माझ्या मनात आला तो आला. म्हणून यापुढं सोमशेखरला प्रश्न मी विचारणार नाही. दुसरे डॉक्टर विचारतील.’’

हेमावतीला वाटलं, आता हा बिथरणार. नवीन माणूस म्हटलं की तो आठ-आठ दिवस बोलत नसे. पण सोमशेखरनं विचारलं, ‘‘म्हंजे तुमाला आता माहीत झालं?’’

‘‘थोडंसं.’’

‘‘मग तुमी नको,’’ तो म्हणाला. डॉक्टरीणबाई मोठ्यानं हसल्या. तोही हसला.

आठव्या दिवशी अक्षताचा फोन आला. कॅप्सूल बंद करायच्या. पांढरी गोळी चालू ठेवायची, सहा महिने पुरे होईपर्यंत दर महिन्याला यायचं. झालं तसं सगळं लिहिलं जाईल. हेमावतीनं ‘बरं’ म्हटलं, फोन ठेवला आणि तव्याकडे तोंड करून रडून घेतलं. सोमशेखर मागं उभा होता. त्याला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘‘लई मोठ्या हुत्या. घशात अडकायच्या.’’

मे महिन्यात काही दिवस आवाज परत आले. पूर्वीइतके जवळ नाही, पण आले. कॅप्सूल बंद झाल्या म्हणून, का उन्हानं, का आणखी कशानं, नव्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आम्हाला माहीत नाही. सोमशेखरला ते डॉक्टर बरे वाटले. तीन महिने जो फरक पडला तो अर्ध्या औषधाचा होता, की जुनी गोळी उशिरा लागू पडली, की रोज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत अक्का जिवंत आहे ना हे बघता बघता त्याचं लक्ष आवाजांवरून उडालं होतं, हेही कोणाला सांगता येणार नव्हतं. हेमावतीनं विचारणं सोडून दिलं. वहीतल्या मोराला तीन पिसं आली होती, ती तिनं मोजून ठेवली होती.

जूनमध्ये गालांवर लाली परत चढली.

‘‘गेला वाटतं तुझा नवरदेव,’’ म्हाळसाबाई म्हणाली.

‘‘गेला,’’ हेमावती म्हणाली. ‘‘भाकरी आवडली न्हाय त्याला.’’

सोमशेखरनं वहीतून डोकं वर काढून तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. ‘‘अक्का, तुझे गाल परत आले,’’ तो म्हणाला, हरवलेलं माणूस घरी आल्यावर म्हणावं तसं.

त्या दुपारी तिनं दोन ताटं वाढली. चार वर्षांच्या सवयीनं तिचा हात त्याच्या ताटाकडे गेला. त्यानं तो मनगटाशी धरून बाजूला केला आणि तिच्या ताटातल्या भाकरीचा कोपरा मोडला. आमटीत बुडवला, तोंडात टाकला, सावकाश चावला. हेमावती त्याच्या गळ्याकडे बघत राहिली. भीती त्याच्या कपाळावर स्पष्ट दिसत होती. त्याची नजर एकदा दाराकडे गेली, एकदा शेजारच्या खोलीकडे. मग त्यानं गिळलं, आणखी थोडं थांबला आणि ताट तिच्यापुढं सरकवलं.

‘‘खा,’’ तो म्हणाला. ‘‘काय न्हाय त्यात.’’

तिनं पहिला घास घेतला. आमटी इतकी गरम होती, की तिची जीभ पोळली.